मित्रीच्या डोळ्यांचा रंग

वदादने पाहिलं तेव्हा अनीसचं बोट त्याच्याच गुडघ्यावर फिरत होतं. चर्चच्या खालच्या दालनात भिंतींना लागून खुर्च्या मांडल्या होत्या, इकडे पुरुष आणि समोर बायका. मधे तेलाची शेगडी धुमसत होती. एक माणूस पितळी किटलीतून सगळ्यांना घोटघोट कडू कॉफी देत हिंडत होता. सकाळी मित्रीला पुरलं होतं. अनीस आणि मित्रीची दोस्ती कला विद्यालयातल्या पहिल्या दिवसापासूनची, दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनची. त्यामुळे न मागता अनीसला अगदी घरच्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली होती. आणि बरोबर समोर मित्रीची बायको, वदाद. ती रडत नव्हती. तिची मान डाव्या खांद्याकडे गेली होती, कुणीतरी ती तिथे ठेवून न्यायला विसरावं तशी. त्या मानेपासून थेट जमिनीपर्यंत काळ्या कपड्यांतून एकच रेघ उतरत होती, कुठेही न अडता, न मोडता. चित्रात हात लागतच नाहीत, अनीसच्या मनात आलं. हात काढून टाकले तरी ही बाई बसलेलीच राहील. मग ती रेघ कुठे जड होते, कुठे सुटते, ते त्याच्या उजव्या हाताच्या बोटाने पँटच्या कापडावर करून पाहिलं. एकदा, आणि जरा खालून पुन्हा. तेवढ्यात ती मान हलली. वदादने त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. राग नव्हता. घरी आलेल्या पाहुण्याने न विचारता कपाट उघडलेलं दिसावं, तसं तिने पाहिलं. अनीसने डावा हात उजव्यावर ठेवला. कॉफीवाला पुढ्यात येऊन उभा राहिला होता, त्याला त्याने मानेनेच नको म्हटलं.

परतताना जानेत, त्याची बायको, त्याच्या दंडाला धरून चालत होती. बाब तूमाच्या गल्लीत भिंतीभिंतीवर मित्रीच्या निधनाची पत्रकं चिकटवलेली होती. खळ अजून ओली होती आणि एका ठिकाणी मित्रीचं नाव मधोमध फुगून वर आलं होतं. जानेत म्हणाली, "वदाद तुझ्याकडे काय बघत होती रे?"

"कुठे काय?"

"बघत होती. मी शेजारीच होते तिच्या."

"दुःखात माणूस कुठेही बघतो."

अनीसने आपलंच वाक्य कानांनी ऐकलं. चांगलं घडीव वाक्य होतं. प्रदर्शनांच्या उद्‌घाटनाला तो असली वाक्यं सहज बोलत असे, आणि लोक ती लिहून घेत. त्याला वाटलं, जानेतने आणखी विचारावं. आणि विचारलं असतं तर तो चिडला असता, हेही त्याला माहीत होतं. मित्रीचं घर कस्सा भागात, त्यांच्या घरापासून निघालं तर एक सिगारेट संपायच्या आत येणारं. मित्री सगळा हिवाळा त्या घरात पडून होता आणि अनीस तिथे एकदाच गेला होता, हिवाळ्याच्याही आधी, ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत. मित्री तेव्हा उशांना टेकून बसला होता. गाल आत गेले होते आणि कानशिलाचं हाड असं काही वर आलं होतं की अख्खं डोकं नदीतल्या धोंड्यासारखं दिसत होतं. वर्षानुवर्षं अनीस असली डोकी मनाने रचत आला होता. हे आयतं समोर होतं. मित्री त्याला डॉक्टरांच्या गमती सांगत होता आणि अनीस हसत होता, पण ऐकत नव्हता. घरी जाताना जिन्यातच थांबून त्याने सिगारेटच्या पाकिटावर ते डोकं काढलं. चांगलं आलं. इतकं चांगलं की त्याला स्वतःची शिसारी आली, आणि त्या शिसारीतच त्याने ठरवलं की पुन्हा जायचं नाही. मित्राला असं ओरबाडायचं नाही. त्यात काहीतरी थोर आहे असं त्याला महिनाभर वाटत राहिलं. नंतर नुसतंच जाणं राहून गेलं. जानेत जात होती, डबा घेऊन, दर आठवड्याला. "तो विचारत होता तुझं," ती परतल्यावर सांगे. "सांग, प्रदर्शनाची गडबड आहे," तो म्हणे. गडबड होतीही. खोटं असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाब शर्की वेशीजवळच्या आपल्या खोलीवर गेला. तिथे तो काम करी. कॅनव्हास ताणलेला होता. त्याने कोटही काढला नाही. गेरू, काळा, पांढरा. गेली तीस वर्षं त्याच्या रंगांच्या पाटीवर एवढंच असे, क्वचित चमचाभर पिवळी माती. याची सुरुवात अगदी साधी होती. लढाईनंतरच्या वर्षी दुकानांत दुसरे रंगच मिळेनात, म्हणून त्याने आहे त्यात भागवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की भागतंय. भागतंय एवढंच नाही, निळा नसल्यामुळे माणसं आकाशाखालून उचलून भिंतीपाशी आणून उभी केल्यासारखी दिसतात. मग एकेक करून त्याने माणसांचे अवयवही कमी केले. आधी कान गेले, मग बोटं, मग नाकपुड्या. डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे. काढत काढत गेलं की शेवटी माणूस उरतो, असं तो मुलाखतींतून सांगे. मित्रीने ते वर्तमानपत्रात वाचलं होतं. "उरतो कुठला?" तो म्हणाला होता. "पळून जातो बिचारा. तुझी माणसं उपाशी दिसतात रे अनीस. त्यांना जरा हिरवं खायला घाल, निदान सणासुदीला तरी." मित्री स्वतः रंगांचा माणूस होता. जर्दाळूची झाडं, छतावर वाळणारे कपडे, कापलेलं कलिंगड. चित्रं फारशी कुणी घेतली नाहीत, तो शाळेत चित्रकला शिकवायला लागला, आणि पुढे कधी विचारलं तर म्हणे, माझे रंग वर्गात वाटून संपले. हे तो हसत म्हणे. अनीसही हसे, आणि त्या हसण्याच्या तळाशी आपण जिंकल्याचा एक बारीक चवदार कण असे. तो त्याने कधी बाहेर काढून पाहिला नव्हता.

त्या सकाळी रेघ एका दमात उतरली. मान, खांदा, आणि मग तो लांब काळा उतार, ज्यात हात कुठेच नव्हते तरी बाई हातांत काहीतरी घट्ट धरून बसली आहे असं वाटत होतं. चेहऱ्याच्या जागी त्याने पांढऱ्यात चिमूटभर गेरू मिसळून एकच सपाट घाव घातला, रंगाच्या सुरीने, आणि तो घाव जिथे थांबला तिथेच थांबू दिला. दुपारपर्यंत चित्र झालं. अशी सरळ उतरलेली गोष्ट त्याच्या हातून किती वर्षांत झाली नव्हती. तो मागे सरकत भिंतीला टेकला, आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ वाजवतोय. लग्नात वाजवतात तसलं काहीतरी. त्याने ओठ आवळले. खोली एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत त्याला भूक लागल्याचं कळलं. चांगली, कडकडून, तरुणपणी लागे तशी. खाली जाऊन त्याने दोन रोट्या आणि वाटीभर फूल, म्हणजे घेवड्याची उसळ, खाल्लं, वरून लिंबू पिळून. शिजलेल्या घेवड्याची ती वाफ, ते तेल, सगळं त्याला इतकं गोड लागलं की तो खाता खाता थांबला. कालच सकाळी मित्रीच्या पेटीवर माती पडली होती. आपल्याला आज दुःख व्हायला हवं, तो स्वतःला म्हणाला. आणि दुःख होतंही, पण ते कुठेतरी बाहेरच्या खोलीत बसून होतं, बोलावण्याची वाट बघत.

त्या आठवड्यात गॅलरीवाला येऊन गेला. चित्र त्याने एकदा जवळून पाहिलं, एकदा दारातून. मग म्हणाला, वसंतात बैरुतचं प्रदर्शन आहे, त्यात हेच समोर लावू. कोण आहे ही? अनीस म्हणाला, कुणी नाही.

आणि मग एके दिवशी जिन्यावर पावलं वाजली, जड, प्रत्येक वळणावर थांबत येणारी. अनीसने ती ओळखली नसताना ओळखली. त्याने चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. कडेचा ओला काळा रंग तळव्याला लागला, तो त्याने पँटला पुसला. दार उघडलं तर वदाद. काळा कोट, काळे मोजे, हातात पिशवी. पहिल्यांदाच ती या खोलीत एकटी येत होती.

"कॉफी ठेव," ती बसत म्हणाली. "साखर घालू नकोस, दुखवटा आहे. घातलीस तर कुणाला सांगू नकोस."

त्याने शेगडी पेटवली. पाठ तिच्याकडे होती, आणि पाठीला तिची नजर खोलीभर फिरताना कळत होती: पालथं ठेवलेलं चित्र, पाटी, पुन्हा पालथं चित्र.

"एक काम आहे," ती म्हणाली. "चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये लोक येतील. मला मित्रीचं चित्र हवंय. मोठं. नंतर बैठकीच्या खोलीत लावायला."

"फोटो मोठा करून घेतला तर?"

"फोटो ओळखपत्राचा आहे. त्यात तो चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. दुसरा लग्नातला, तो आता कुणाला पटणार? रामी कराकसहून येऊ शकत नाही म्हणतोय. पुढे कधी आला तर बापाचं तोंड दिसायला नको? तुझी ती खळगेवाली माणसं नकोत हं मला. कान असलेलं, डोळे असलेलं चित्र. टाय बांधलेलं."

"काढतो," अनीस म्हणाला. "काढतो म्हणजे काय, काढायलाच हवं."

वदादने कॉफी घेतली, फुंकली, कप गुडघ्यावर ठेवला. मग त्याच सुरात विचारलं, "त्या दिवशी गुडघ्यावर काय काढत होतास?"

"काही नाही. सवय आहे हाताला."

"हं," वदाद म्हणाली. कॉफी संपवून ती उठली. दारात वळून म्हणाली, "मित्री असता तर म्हणाला असता, दाखव." आणि जिना उतरू लागली, प्रत्येक वळणावर थांबत.

अनीसने त्याच दुपारी नवा कॅनव्हास लावला आणि कोळशाने मित्रीचं डोकं आखायला घेतलं. डोकं आलं, धोंड्यासारखं. ते पुसून पुन्हा आखलं. पुन्हा धोंडाच. कपाळ किती उंच होतं, हनुवटी कशी होती, खांदे कसे पडत, हे सगळं त्याला ठाऊक होतं. मित्री दुरून चालत आला असता तर हजारांत त्याने ओळखला असता. पण डोळे आखायची वेळ आली तेव्हा कोळसा हवेत राहिला. मित्रीच्या डोळ्यांचा रंग कोणता? तो खुर्चीवर बसला आणि त्याने मित्रीला एकेका जागी बसवून पाहिलं. बरदा नदीच्या काठच्या चहाच्या टपरीत, विद्यालयाच्या पायऱ्यांवर, रामीच्या बाप्तिस्म्याला, आपल्याच घरच्या टेबलापाशी अरकच्या दारूचा ग्लास धरून. दर ठिकाणी मित्री होता, त्याचं हसणं होतं, ग्लासातलं दुधाळ पाणी होतं. आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे. त्याने आठवण जितकी ताणली तितके ते खळगे स्वच्छ होत गेले, अगदी त्याच्या हातचे, सफाईदार.

संध्याकाळी त्याने जानेतला विचारलं. ती पालक निवडत होती. त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, जणू रंग कोणता उघडायचा एवढाच प्रश्न होता. जानेतचे हात थांबले.

"तू मला विचारतोयस?"

"खात्री करून घेतोय."

"मधासारखे. काठाला जरा हिरवे. डावी पापणी खाली असायची, म्हणून तो कायम डोळा मारतोय असं वाटायचं. माझी आई त्याला त्यावरून रागवायची." तिने पालकाची जुडी खाली ठेवली. "अनीस, माझे कसे आहेत?"

तिने मुद्दाम डोळे लपवले नाहीत. फक्त विचारलं आणि भाजी निवडायला लागली, त्यामुळे तिची नजर खाली होती. त्याने उत्तर दिलं, आणि ते बरोबरही होतं. पण द्यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती उठून नळाशी गेली होती.

मग मात्र त्याला वदादकडे जाणं भाग पडलं. कस्सातला तो जिना, ज्यात थांबून त्याने पाकिटावर डोकं काढलं होतं, तो त्याने भरभर चढला, कुणी पाठीमागे असल्यासारखा. वदादने फोटोंचं खोकं आणून टेबलावर रिकामं केलं. कोपऱ्यात मित्रीची खाट होती, गादी गुंडाळलेली, आणि खाटेशेजारी खिडकीत छोटा आरसा टेकवून ठेवलेला. अनीस त्या आरशाकडे पाहतोय हे तिच्या लक्षात आलं.

"दाढीसाठी," ती म्हणाली. "दर रविवारी करून घ्यायचा माझ्याकडून. शेवटी शेवटी कातडी इतकी पातळ झाली होती, मला भीती वाटायची. मी म्हणायचे, राहू दे आता, कोण बघतंय. तर म्हणायचा, रविवार आहे, अनीसला सुट्टी असते, आज येईल."

अनीसच्या हातात कुठल्यातरी सहलीचा फोटो होता. त्यातले सगळेजण उन्हामुळे डोळे बारीक करून हसत होते.

"सगळा हिवाळा?" त्याने विचारलं.

"रविवार काय, दर आठवड्याला येतोच." वदाद फोटो गोळा करू लागली. आवाज चढला नव्हता, म्हणून त्याला बसवत नव्हतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने खाल्ल्या असत्या. शिव्यांना धरायला काहीतरी असतं. "मला राग नाही आला असं नाही. मी म्हटलं त्याला, हा कसला दोस्त? तर म्हणाला, तो येत नाही कारण त्याला बघवत नाही. मी म्हटलं, मला बघवतं का?"

बघवत नाही. अनीसच्या घशापर्यंत आलं की सांगावं, तसं नव्हतं, उलट होतं, मला फार बघवत होतं. पण ते सांगितलं असतं तर तेही एक घडीव वाक्य झालं असतं. त्याऐवजी तो म्हणाला, "वदाद, मी तुझं चित्र काढलंय. त्या दिवशीचं. दालनातलं."

ती थांबली.

"पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं. खोलीत पालथं होतं ते तेच. मी तुझ्याशी खोटं बोललो."

वदादने फोटोंची गड्डी टेबलावर आपटून सारखी केली, चारही बाजूंनी. बराच वेळ करत राहिली. मग तिने विचारलं, "चांगलं झालंय?"

या प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. नाही म्हणावं असं वाटलं. एवढी एक खोटी गोष्ट तिला द्यायला काय हरकत होती? पण तिच्या समोर, त्या गुंडाळलेल्या गादीच्या समोर, त्याच्याने ते होईना.

"हो," तो म्हणाला. "खूप चांगलं झालंय."

"मग झालं तर," वदाद म्हणाली. "मला दाखवू नकोस."

मित्रीचं चित्र त्याने पुढचे सगळे दिवस खपून केलं. पेठेतून रंग आणले, निळा, हिरवा, दोन पिवळे; दुकानदाराने विचारलं, भाच्यासाठी का? कान कसा काढतात हे त्याचा हात विसरून गेला होता. तो आरशात स्वतःचा कान बघून काढावा लागला. मधाचा रंग जमेना. कधी चिखल होई, कधी औषधाच्या बाटलीसारखं काहीतरी. खाली आलेली डावी पापणी काढली की मित्री डोळा मारण्याऐवजी झोपेला आलेला दिसे. गेरू आणि काळ्यावर एकदा हात गेला असता तर दोन तासांत मित्री उभा राहिला असता, जिवंत, कुणाच्याही काळजाला हात घालणारा. हे अनीसला माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने त्या दोन नळ्या कपाटात घालून वरून कुलूप लावलं. शेवटी जे झालं ते वाईट चित्र होतं. नीटनेटकं, टाय बांधलेलं, वाईट चित्र. खाली कोपऱ्यात त्याने सही केली, नेहमीपेक्षा ठळक.

चाळिसाव्याच्या सकाळी ते दालनात तिकाटण्यावर उभं केलं, वरच्या कोपऱ्याला काळी फीत. शेजारी टेबलावर शिजवलेल्या गव्हाचं ताट, वर साखरेचा पांढरा थर आणि त्यावर रुपेरी गोळ्यांचा क्रूस. वदाद चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. अनीस तिच्या मागे. जानेतने येऊन एकदा पाहिलं, अनीसकडे पाहिलं, आणि ती ताटाकडे गेली.

"नाक त्याचं आहे," वदाद म्हणाली.

"आणि बाकीचं?"

"बाकीची तुझी मेहनत आहे." तिने फीत सरळ केली. मग दाराजवळच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. घरचे पुरुष बसतात त्या ओळीकडे. मित्रीचे दोन चुलतभाऊ तिथे बसले होते आणि त्यांच्या अलीकडे, रामीसाठी म्हणून, पहिली खुर्ची रिकामी होती. "तिथे बस."

"मी? वदाद, माझी जागा नाही ती."

"मग कुणाची? मुलगा समुद्रापलीकडे आहे. लोक यायला लागतील आता. बस."

तो बसला. गुडघे एकमेकांना चिकटवून, हात मांडीवर, फोटो काढून घेताना खेड्यातला माणूस बसतो तसा. खोलीवर कुलपाआड दोन नळ्या होत्या आणि भिंतीकडे तोंड करून एक बाई बसली होती; तिच्याबद्दल गॅलरीवाल्याला त्याने अजून नाही म्हटलेलं नव्हतं, आणि म्हणणार नाही हेही त्याला आत कुठेतरी ठाऊक होतं. लोक येऊ लागले. मित्रीच्या शाळेतले मास्तर, त्याचे जुने विद्यार्थी, शेजारपाजारचे. दोन मास्तर चित्रासमोर थांबले. त्यांतल्या एकाने चष्मा वर करून न्याहाळलं आणि वदादला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "वहिनी, हे कुणाकडून करून घेतलंत? पाट्या रंगवणाऱ्याकडून? एवढा तो थोर चित्रकार तुमच्या घरचा, त्याला नाही सांगितलंत?"

अनीसचे कान तापले. त्याला वाटलं, उठावं आणि सहीवर बोट ठेवावं. पण वदादने मागे वळूनही पाहिलं नाही.

"घरच्याच माणसाने काढलंय," ती म्हणाली.

मास्तर ओशाळला, पुढे सरकला, आणि रांग पहिल्या खुर्चीपाशी आली. एक म्हातारा, काठी टेकत, अनीसने आयुष्यात न पाहिलेला. त्याने अनीसचा हात दोन्ही हातांत घेतला, घट्ट, आणि वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड आणलं. पिकलेल्या भुवयांखालचे त्याचे डोळे करडे होते, उजव्यात एक तांबडी शीर फुटलेली, आणि ते पाण्याने भरून आले होते.

"त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, बाळा," म्हातारा म्हणाला. "सुटायला फार वाट पाहायला लावली ना रे त्याने? आजारात फार केलंस तू त्याचं, सगळे सांगतात."

तो कुणाला कोण समजत होता, देव जाणे. अनीसने तोंड उघडलं. चुलतभाऊ शेजारून बघत होता, मागे रांग खोळंबली होती, आणि म्हातारा हात सोडायला तयार नव्हता.

"तुम्हालाही लाभो," अनीस म्हणाला, आणि पुढच्या माणसाचा हात घेतला.